मक्याच्या वाडीतली चिठ्ठी

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधं वाटली. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. निवृत्त झाले आणि खिडकी सुटली, पण जीभ तीच राहिली. हे मला त्या पुरानंतर कळलं, आणि कळलं तेव्हा स्वतःचीच शिसारी आली.

वैनगंगेचं पाणी तीन दिवस काठावरच्या एका गावात होतं. चौथ्या दिवशी उतरलं, तेव्हा तिथली माणसं उंचावरच्या शाळेत राहत होती. गडचिरोलीहून एक संस्था मदतीला निघाली होती. औषधांतलं कळणारं कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला गाडीत घातलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलामागे संस्थेचा भला मोठा फलक, आणि मध्ये मी. सडलेल्या धानाचा, ओल्या गोधड्यांचा आणि मेलेल्या कोंबड्यांचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

त्या वासाचं काही नाही. खरी घाण निघाली ती आम्ही आणलेली औषधांची पोती उघडल्यावर. दूरच्या शहरांतल्या दयाळू लोकांनी दिलेली ही औषधं रेल्वेने वडशाला उतरली होती आणि तिथून आमच्याकडे आली होती. पहिल्या पोत्यात खोकल्याच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या, बुचं चिकट, वर मुंग्या. दुसऱ्यात मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब आणि वजन कमी करायची पावडर. माणसं चार दिवस भातावर नुसतं मीठ घालून खात होती आणि त्यांना वजन कमी करायची पावडर! एका डबीवर बॉलपेनने लिहिलं होतं, 'बाबा, रात्री जेवणानंतर'. म्हणजे कुणाचे तरी बाबा वारले, आणि त्यांच्या उरलेल्या गोळ्या आमच्याकडे पोचल्या. घरातली अडगळ काढायची आणि तिला दान म्हणायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आपण म्हणतो. इथे तर बंबात पाणीसुद्धा नव्हतं.

वेचून वेचून जेमतेम पिशवीभर औषधं कामाची निघाली. बाकीचं मी कचऱ्यात टाकायला काढलं, तर संस्थेचा म्होरक्या धावत आला. चिखलातही त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती.

"मॅडम, टेबलावरच राहू द्या ना. भरलेलं दिसते."

मी दात-ओठ खात बाटल्या परत टेबलावर मांडल्या. तेवढ्यात टेबलासमोर साठीचा एक माणूस येऊन उभा राहिला. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, मागे त्याची मुलगी. बाविशीची असेल. तिची नजर जमिनीला लागलेली.

"बाई, पोरीले फिट येते. गोळ्या वाहून गेल्या. चार दिस झाले, गोळी नाई पोटात."

आणि मी काय म्हणाले? "चिठ्ठी कुठे आहे?"

"चिठ्ठी फायलीत होती," तो म्हणाला. "फाईल पेटीत होती. पेटी घरात होती. घर नाई आता."

तो चिडला नाही, हे सगळ्यात वाईट. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. एकतीस वर्षांत किती जणांना मी हाच प्रश्न विचारून खिडकीतून परत पाठवलं असेल, कोण जाणे.

फिटची गोळी अशी एकाएकी बंद करता येत नाही. बंद झाली तर आधीपेक्षा जोराची फिट येते, कधी एकीमागून एक येत राहतात आणि माणूस दगावतोही. चार दिवस झाले होते. मी उठले आणि दोघांना पलीकडच्या वर्गात डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होता, डोळे जागरणाने लाल. त्याने गोळी कुठली ते विचारलं.

"पांढरी हाय," बाप म्हणाला. "मधात रेघ हाय."

डॉक्टरने कपाळ दाबून धरलं. मधे रेघ असलेल्या पांढऱ्या गोळ्यांनी अख्खं कपाट भरेल. त्याचं चुकत नव्हतं. या आजाराच्या गोळ्या चार तऱ्हेच्या, त्यांची ताकद वेगवेगळी. अंदाजाने दिली आणि जास्त झाली तर पंचाईत. तो म्हणाला, सरकारी विम्याचं कार्ड असेल तर मोठ्या दवाखान्याची गाडी दुपारी निघते, तिच्यात बसवून देतो.

कार्ड नव्हतं. पुरात गेलं असतं तर त्याचा नंबर तरी कुठेतरी सापडला असता. हिचं मुळात कधी निघालंच नव्हतं. ते रेशनकार्डावरच्या नावावरून निघतं. लग्न झाल्यावर बापाच्या रेशनकार्डातून हिचं नाव कमी केलं. सासरच्यांनी आपल्या कार्डात चढवायच्या आधी तिची पहिली फिट पाहिली आणि तिला माहेरी आणून सोडलं. बापाने नाव परत चढवायला खेटे घातले, तर त्याला सांगितलं, आधी सासरहून दाखला आणा. सासरचे दाखला देईनात. म्हणजे ही पोरगी जिवंत होती, समोर उभी होती, पण सरकारच्या हिशेबी ती ना इथली ना तिथली. त्या नवऱ्याच्या, त्याच्या आईच्या आणि दाखला मागणाऱ्याच्या तोंडावर पचकन थुंकावं असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

"रिकामी स्ट्रिप तरी असेल कुठे पडलेली?" मी वैतागून विचारलं. "तिच्यावर नाव असतं."

"पाकिटं?" मुलगी पहिल्यांदाच बोलली. "पाकिटं मक्क्यात हायेत ना."

डोक्यावर परिणाम झाला की काय, असं मला क्षणभर वाटलं. बापाने उलगडून सांगितलं. शाळेमागच्या टेकाडावर त्यांची मक्याची लहानशी वाडी होती. कणसं भरली की पोपटांचे थवे उतरतात. म्हणून त्या गावात गोळ्यांची रिकामी पाकिटं कुणी फेकत नाही. दोरीला बांधून मक्यावर टांगतात. वाऱ्याने ती फिरतात, चमकतात आणि पोपट बिचकतात.

मी चपला हातात घेतल्या आणि त्या दोघांच्या मागे टेकाड चढले. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. मक्याच्या डोक्यावर दोन दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर स्ट्रिपा उन्हात लकाकत होत्या. मी एकेक उलटून वाचत गेले. तापाच्या होत्या, बापाच्या पित्ताच्या होत्या, आणि मग सापडली फिटची. एक, दोन, पाच, अकरा. सगळ्यांवर एकच नाव, एकच ताकद. ऊन-पावसाने जुन्यांवरची अक्षरं उडालेली, पण सगळ्यात नवीवर तारखेसकट सगळं लख्ख होतं.

"दिवसाच्या किती?"

"सकाळी एक, सांजच्याले एक," मुलगी म्हणाली. "मीच बांधतो, बाई. संपली का लगेच."

इतका नीट ठेवलेला केसपेपर मी आयुष्यात पाहिला नाही. डॉक्टरने ती स्ट्रिप हातात फिरवून पाहिली आणि लगेच चिठ्ठी लिहिली.

आमच्या पोत्यांत ती गोळी नव्हती. असणार कुठून? मी गडचिरोलीतल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन केला. त्याच्याकडे दहा दिवसांपुरत्या निघाल्या. संस्थेची जीप तिकडे औषधवाटपाला बोलावलेल्या पाहुण्यांना आणायला निघालीच होती. चिठ्ठी मी ड्रायव्हरच्या खिशात घातली.

जीप परतायच्या आधी तिला फिट आली. वर्गात, सगळ्यांदेखत. दात आवळलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. एकाने तिच्या नाकाला चप्पल लावली, दुसरा तोंडात चमचा घालायला धावला. मी दोघांनाही ढकललं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा पदर घातला. मान वर केली, तर दारात संस्थेचा कार्यकर्ता मोबाईल धरून उभा. गरीब पोरगी तडफडतेय आणि हा व्हिडिओ काढतोय. मी त्याला अशी शिवी दिली, जी मी कधी दिली नव्हती. त्याने मोबाईल खाली केला, पण बंद केला नाही.

दोनेक मिनिटांत ती शांत झाली. पूर्ण शुद्धीवर येऊन उठून बसायला तासभर गेला. तोवर जीप आली, गोळ्या आल्या आणि पाहुणेही आले. म्होरक्याने मुलीला फलकासमोर खुर्चीवर बसवलं. एका पाहुण्याने तिच्या हातात स्ट्रिप ठेवली. डॉक्टरने मान हलवल्यावर तिने गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्याली. माझा जीव भांड्यात पडला.

"ताई, फोटो हलला," कार्यकर्ता म्हणाला. "पुन्हा एकदा घ्या बरं गोळी."

मला आधी नीट कळलंच नाही. कळेपर्यंत तिने दुसरी गोळी काढून हातावर घेतली होती. तोंड उघडलं होतं. मी झडप घालून तिचं मनगट धरलं आणि गोळी हिसकावून घेतली.

"अगं, वेडी आहेस का? आत्ताच घेतलीस ना? तो सांगेल ते करशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फिटने जीभ चावली गेली होती, बोलताना तिला दुखत होतं.

"बाई, दहा दिसाच्याच हायेत ना ह्या," ती हळूच म्हणाली. "त्यायले नाई म्हटलं, त मंग अकराव्या दिशी कोण देईन?"

म्होरक्या हसत वाट पाहत होता. त्या पाहुण्याने तिच्याकडून स्ट्रिप घेऊन फोटोसाठी परत पुढे केली. मी गोळी मुठीत गच्च धरली, आणि फोटोतून बाजूला झाले.