माळ्यावर शिजणारा भात

घरात भात शिजतो आणि मला मिळत नाही, असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मला हसूच आलं. भात? आमच्याकडे? त्यांना साखर निघाल्यापासून घरात तांदळाचा दाणा शिजलेला नव्हता. त्यांच्यासमोर आपण वरण-भात ओरपायचा आणि त्यांच्या ताटात दलिया वाढायचा, हे काही मला जमेना, म्हणून मीच सगळ्यांचा भात बंद केला होता. "भात नाहीये हो आई," म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं." त्या एका 'बरं'मध्ये काय काय असतं ते सुनांना विचारा.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की त्या पलंगावर उठून बसायच्या, मान वर करून हवा हुंगायच्या आणि म्हणायच्या, "आंबेमोहोर आहे. मला काय कळत नाही होय?" त्यांचं माहेर मावळातलं. सासऱ्यांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर देवासला आल्या, तर इथे सगळा गव्हाचा कारभार, दाल-बाफल्यांचा मुलूख. भाऊ भेटीला यायचा तेव्हा पिशवीभर आंबेमोहोर आणायचा, तो त्या सणासुदीला पुरवून पुरवून शिजवायच्या. त्या वासात त्यांची चूक व्हायची नाही, हे आता कळतंय. तेव्हा मी कपाळाला हात लावायचे.

कारण घरात वास घेणारं दुसरं नाकच नव्हतं. करोनात माझा वास गेला तो नीट परत आलाच नाही. फोडणी करपली तर धूर दिसल्यावर समजतं. आणि आमचे हे चामड्याच्या कारखान्यात. सगळी उमर त्या वासात काढलेल्या माणसाला आंबेमोहोर काय आणि रॉकेल काय! तर अशा दोन बंद नाकांनी मिळून ठरवलं की तिसऱ्याचं डोकं फिरलंय. यांनी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वय आहे, होतात असे भास. झालं, शिक्का बसला.

भास म्हणून सोडून देता आलं असतं, पण भासात चोर मी होते ना! मी गच्चीवरच्या खोलीत चोरून भात करते आणि खाऊन, हात धुऊन खाली येते, असं त्यांचं ठाम मत. मी जवळ गेले की माझा पदर हुंगायच्या. दोन-दोन दिवस जेवायच्या नाहीत, मग साखर एकदम खाली, मग माझी पळापळ. वन्संचा पुण्याहून फोन आला, "वहिनी, म्हातारीला दोन घास दिले तर काय बिघडतं गं?" मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. राग आला म्हणून नाही. दमले होते हो. रात्रीतून कितीदा त्यांना उठवायचं, बदलायचं, पाय चेपायचे, पहाटे बोटाला सुई टोचायची. वर्षानुवर्षं सलग झोप अशी झालीच नव्हती. आणि वर ही चोरी.

खरं तर गच्चीने मला सगळं सांगितलं होतं. पाण्याच्या टाकीजवळ कठड्यावर रोज सकाळी काळी विष्ठा पडलेली असायची, रोज त्याच जागी. तीत जांभळाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या, धुऊन ठेवल्यासारख्या. जांभळं संपली तशा दुसऱ्याच कसल्या बिया दिसू लागल्या. मागच्या अंगणातली पपई झाडावरच पोखरलेली मिळायची. संध्याकाळी वरच्या खोलीच्या पत्र्यात धप्प व्हायचं. मी बिया झाडल्या, माकडांना शिव्या घातल्या, उंदरांच्या गोळ्या टाकल्या आणि मोकळी झाले. झाडू मारणाऱ्या बाईला विचार करायला फुरसत कुठे असते?

एका संध्याकाळी दूध तापवत होते तर जिन्यातून काठीचा आवाज आला. जाऊन पाहते तर सासूबाई चक्क जिना चढताहेत! गुडघ्यांच्या वाट्या झिजलेली बाई, कठड्याला लटकून अर्ध्यापर्यंत पोचली होती. "आज पकडतेच," म्हणाल्या. मी त्यांना तिथेच धरून बसवलं आणि हे येईपर्यंत आम्ही दोघी जिन्यात बसून राहिलो. त्या रात्री यांनी धारला धाकट्या भावाला फोन केला. आई आता आमच्याने सांभाळवत नाही, तू घेऊन जा. चार दिवसांसाठी नाही, कायमची.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मामंजी तुझे याच घरातून गेले. मलाही इथूनच जायचं होतं." मी त्यांचं सामान भरलं. नऊवार पातळं, औषधांचा डबा, जपमाळ. डोळ्यांत पाणी होतं हे खरं, आणि भरताना हात भराभर चालत होते हेही खरं.

भावजी आले ते नेमके दिवेलागणीलाच. गंधवानीच्या शाळेत मास्तर, राहायला धारला. दारात चपला काढल्या, मान वर केली आणि म्हणाले, "वा वहिनी! आंबेमोहोर? या घरात किती वर्षांनी आला हा वास!"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तशीच उभी. हे माझ्याकडे बघताहेत, मी यांच्याकडे.

भावजींना सगळं सांगितलं तसे ते हसत सुटले आणि बॅटरी घेऊन आम्हाला वर घेऊन गेले. खोलीत जुन्या गाद्या, मोडका कूलर, वर पत्रा आणि त्याच्याखाली ठोकलेल्या फळ्या. फार थांबावं लागलं नाही. फळ्यांच्या फटीतून आधी एक तोंड बाहेर आलं, डोळ्यांभोवती काळं, जणू काजळ फिसकटलेलं. मग लांबोडकं करडं अंग आणि अंगाएवढीच शेपूट. मांजर म्हणावं तर मांजर नाही, मुंगूस म्हणावं तर मुंगूस नाही. आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, पत्र्याच्या कडेने बाहेर कठड्यावर उतरलं, ढुंगण घासत थोडं चाललं आणि केबलच्या वायरीवरून ऐटीत शेजारच्या आंब्यावर गेलं. शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "अरे भिया, ये तो बिज्जू है! कबर खोदता है ये!"

"कबर नाही अन् फबर नाही," भावजी म्हणाले. "ऊदमांजर आहे. आमच्या शाळेच्या छपरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात." दिवसभर माळ्यावर, झाडाच्या ढोलीत झोपायचं, अंधार पडला की निघायचं. एकटं राहणारं जनावर. फळं खातं, उंदीर खातं, बी पचत नाही ती तशीच टाकतं, आणि टाकायची जागासुद्धा ठरलेली. शेपटीखाली गाठी असतात, त्या घासून जागेवर आपला वास लावतं, म्हणजे दुसऱ्याने यायचं नाही. तोच हा वास, अगदी शिजत्या भाताचा. परदेशातला तो काळा-पांढरा स्कंक टीव्हीवर पाहिला होता, शेपूट उचलून घाण वास मारणारा. आमच्या नशिबी हे सुवासिक आलं, आणि त्या सुवासाने माझं घर पुरतं नासवलं होतं.

खाली आलो. हे आईच्या पायाशी बसले. "आई, चुकलं गं. वास खरा होता." त्या म्हणाल्या, "मग? मी काय येडी आहे?" आणि मला म्हणाल्या, "पोरी, तुला उगीच बोलले." एवढं ऐकायला मी किती तरसले होते! मी त्यांचा हात धरला. सगळे हसायला लागले. वन्संना फोन लागला, त्या तिकडून हसल्या. मग भावजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "डोकं तर ठणठणीत आहे हिचं! मग न्यायचं कशाला? राहू दे इथेच."

"हो तर, आता कशाला?" हे म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर कोपऱ्यातल्या पिशव्यांवर गेली. या भरलेल्या सामानाच्या जोरावर मी ते शेवटचे काही दिवस रेटले होते. उद्यापासून झोपेन, सकाळपर्यंत झोपेन, एवढंच डोक्यात होतं. आता पुन्हा पहाटे सुई, पुन्हा रात्रीची उठबस, आणि कोणाला सांगायची सोय नाही. मी चहाच्या निमित्ताने आत गेले. गॅस पेटवला आणि पातेलं न ठेवताच उभी राहिले.

"इकडे ये गं," सासूबाईंची हाक आली. गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, पदर हुंगायच्या तसंच जवळून. मग भावजींकडे वळल्या. "मी येते धारला."

"अगं पण आई, आता तर..."

"आता काय? डोकं ठणठणीत आहे म्हणूनच सांगते. हिची झोप झाली नाहीये कितीक वर्षांत. तुम्हा पोरांना दिसत नाही, मला दिसतं."

'आई, जाऊ नका, राहा,' एवढंच मला म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. तोंड उघडलं, पण ते शब्द काही निघाले नाहीत. सासूबाईंनी थोडी वाट पाहिली. मग पलंगावरून पाय सोडून त्या चपला शोधायला लागल्या.