बॉडी अर्थ

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि बिघडलेल्या प्रती घरी आणायचे. जाहीर निषेध, जाहीर सभा, जाहीर आवाहन. शाळेत गाईवरच्या निबंधाचा शेवटही मी 'बंधूंनो, जागे व्हा!' असा केला होता. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. जात मोडायला निघालेली ती पत्रकं वाटायला माझा एक मित्र बरोबर असायचा.

हा मित्र नाशिकरोडच्या वसाहतीतला, बौद्ध घरातला. आयटीआय करून त्यानं गाड्यांच्या वायरिंगची टपरी टाकली होती आणि ती चालत नव्हती. माझे काका पंचवटीत भिक्षुकी करायचे. बाहेरगावच्या यजमानांना त्र्यंबकला न्यायला त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती. उन्हाळ्यात यजमान घामानं वैतागायचे, म्हणून काकांना गाडीत छोटा पंखा हवा होता. आणि डॅशबोर्डवरच्या रामाच्या तसबिरीपुढं लाल दिवा. मी मित्राचं नाव सुचवलं. एका गुरुजींच्या गाडीत पंखा फिरला, की पंचवटीतल्या बाकीच्या गाड्या त्याच्या टपरीपुढं उभ्या राहणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तो सकाळीच आला. काका म्हणाले, "पंख्याचं काहीही करा. देवापुढचा दिवा मात्र विझता कामा नये."

"मग असं करू," मित्र म्हणाला, "यजमानांचा पंखा चावीवर आणि देवाचा दिवा थेट बॅटरीवर. पण काका, गाडी चार दिवस उभी राहिली, तर ढकलायला यजमानांनाच उतरावं लागेल."

काका हसले. म्हणाले, "मग देवालाही चावीवरच घ्या."

काम छान चाललं होतं. तो वायर ओढता ओढता मला समजावत होता. घरातल्यासारख्या दोन वायरी गाडीत लागत नाहीत. करंटची एकच वायर फ्यूजमधून न्यायची. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. सगळी बॉडीच अर्थ. कुठंही जोड, पोचतं. मला ते फार आवडलं.

पंखा फिरला. दिवा काही लागेना.

"अर्थ लागत नाही," मित्र म्हणाला.

"कशाचा?" काकांनी विचारलं. त्यांना वाटलं, तो एखाद्या श्लोकाबद्दल बोलतोय. आम्ही तिघंही हसलो. मग मित्रानं सांगितलं, की काकांनी दिवा तसबिरीच्या पितळी चौकटीवरच बसवलाय आणि तिच्या स्क्रूखाली रंग आहे, तो खरवडायला हवा. त्यानं हात पुढं केला.

"थांबा," काका म्हणाले. "देवाला तेवढा हात लावू नका. मी आंघोळ केलेली आहे, मी खरवडतो."

"मीपण केलीय, काका. साबण लावून."

"तसं नाही हो..." काका म्हणाले आणि त्यांनी पेचकसासाठी हात पुढं केला.

मित्रानं पेचकस त्यांच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काका वाकून रंग खरवडू लागले. एवढ्यावर मी भडकलो. सभेत बोलावं तसा बोललो. म्हटलं, "काका, त्यानं सकाळी बंपरला हात लावला तेव्हाच तुमच्या देवाला हात लागला! या गाडीत लोखंड सगळं एक आहे. त्यानं जोडलेल्या वायरीतून येणाऱ्या करंटवर तुमचा दिवा लागणार. कुठवर वेगळं ठेवाल?"

काका सावकाश सरळ झाले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बंपरकडे पाहिलं. माझा मुद्दा त्यांना पटला होता. अगदी पूर्ण पटला होता.

"असं असेल," ते म्हणाले, "तर काढा सगळं."

मित्रानं सगळं काढलं. पंखा, वायर, फ्यूज. जोड जिथं सोडला तिथं पट्टी गुंडाळली, आणि वायरीचं भेंडोळं करून पिशवीत टाकलं. काका घरात गेले होते. मी मदत करू लागलो तर म्हणाला, "तू राहू दे. तू पुष्कळ केलंस."

बस थांब्यापर्यंत मी त्याच्याबरोबर चाललो. थांबा दिसू लागल्यावर विचारलं, "पण मी बोललो ते बरोबर होतं ना?"

"बरोबरच होतं. म्हणून तर वायर काढावी लागली."

"अरे, त्यांनी तुझा अपमान केला!"

"मला ऐकू आलं नाही, असं वाटलं का तुला? अपमान माझा होता. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार होतो."

"काय करणार होतास?"

"कशाला सांगू? पत्रक काढशील."

बस आली, तो चढला. खिडकीतून त्यानं हात केला, नेहमीसारखाच. त्यामुळं मला आणखी वाईट वाटलं.

माझी सायकल काकांच्या दारात होती, म्हणून परतावं लागलं. काका धोतर खोचून बादल्यांनी गाडी धूत होते. बंपरपासून सुरुवात केली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत जा, काकूनं पान वाढलंय."

मी आत गेलो आणि जेवलो.