लेकीच्या विमानाचा धूर

माझी लेक परदेशात कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत धूर मोजते. म्हणजे एक शर्ट शेतातून दुकानापर्यंत पोचेस्तोवर हवेत किती कार्बन जातो, ते शोधून काढते. आमच्या गावात, समुद्रपुरात, कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो, धूर मोजते. ऐकणारा जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो.

मी नोकरीभर इथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, मशिनी दुरुस्त केल्या. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. लेकीचा फोन यायचा रविवारी. जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. मग तिच्या कंपनीने जाहीर केलं की येत्या काही वर्षांत आम्ही आमचा धूर निम्म्यावर आणणार. त्यासाठी कापसाचा सगळा प्रवास तपासायचं ठरलं आणि माझे दिवस पालटले. तिकडची सकाळ झाली की लेक रोज फोन करू लागली. लाइट गेली की जनरेटर किती वेळ चालायचा? दाबून बांधलेल्या कापसाच्या गठाणी ट्रकने जायच्या की रेल्वेने? सरकीचं काय व्हायचं? मी बोलायचो आणि तिकडे तिची बोटं टकटक करत लिहून घ्यायची. खोटं कशाला बोलू, मी उत्तरं लांबवायचो. सरकीवरून तेलावर, तेलावरून तिच्या आईच्या हातच्या भज्यांवर. टकटक बंद पडली की समजायचो, आता आपलं बोलणं कामाचं राहिलं नाही.

त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांनाही सांगितलं, विमानप्रवास कमी करा. नियम कामाच्या प्रवासापुरता होता. माझ्या लेकीने तो सुट्टीलाही लावून घेतला. घरी येणं एक वर्षाआड. हा हट्टीपणा तिने माझ्याकडूनच उचललाय, त्यामुळे बोलायची सोय नाही. राग मात्र आला. दर महिन्याला नवी फॅशन काढायची, ढिगाने शर्ट खपवायचे आणि धूर वाचवायचा कुठून, तर माझ्या लेकीच्या विमानातून! हे मी तिला बोललोही.

"बाबा, मी त्याच्यावरूनच त्यायच्याशी भांडून राह्यली," ती म्हणाली. "अन् मीच विमानानं फिरली, तर माह्यं कोण ऐकन?"

तिचं बरोबर होतं. या धुरानेच ऋतू फिरले म्हणतात; ऐन वेचणीत आलेला पाऊस आणि झाडावरच काळी पडलेली बोंडं मीही पाहिली होती. तिचं चुकलं असतं तर मी चांगला भांडलो असतो.

यंदा तिची येण्याची खेप नव्हती आणि माझा मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं कळवलं असतं तर ती नियम मोडून धावत आली असती. पण मला ती दवाखान्यासाठी नको होती. तिने नुसतं बापाला भेटायला यावं, असं वाटत होतं.

एक दिवस गठाणींचं बोलणं संपलं. ती म्हणाली, "मग येऊ का, बाबा?"

"येजो," मी म्हणालो. फोन बंद झाला.

आमच्या भागात परत निघालेला पाहुणा दारात उभा राहून 'येऊ का?' म्हणतो आणि घरचा माणूस 'येजो' म्हणतो. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे सवडीने, पुढे कधीतरी. तोंडात बसलेलं उत्तर, ते आपोआप निघून गेलं. चहा ठेवायला उठलो आणि हातातलं भांडं हातातच राहिलं. फोनवर कोण 'येऊ का' म्हणतं? फोनवर ती नेहमी 'ठेवते' म्हणते. पोरीने खरंच विचारलं होतं आणि मी तिला दारातूनच निरोप देऊन मोकळा झालो होतो.

परत फोन करायला हात उचलला नाही. तुझा नियम मोड, असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

ऑपरेशनला शेजारची भाजी विकणारी बाई सोबत आली. एसटीने गेलो, एसटीने आलो, काळा चष्मा लावून घरात बसलो. औषध स्वतःच डोळ्यात टाकायचं म्हणजे अर्धे थेंब गालावर. गाल पुसताना वाटायचं, कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारा रडतोय. कधीकधी ते खरंही असायचं.

शेवटी ती बाईच थेंब टाकायला येऊ लागली. एका दुपारी थेंब टाकता टाकता फोन वाजला, तिनेच उचलून स्पीकरवर लावला. लेक विचारत होती, ओला कापूस आला तर वाळवायला काय करायचे? मी मान वळवून सुरू झालो, तशी बाई ओरडली, "भाऊ, हालू नका ना! अवो पोरी, तुया बापाच्या डोयाचं आपरेशन झालं अन् तू कापसाचं काय इचारून राह्यली?"

टकटक थांबली.

"मले काऊन नाई सांगतलं?" लेक म्हणाली. "मी इचारलं होतं ना, येऊ का म्हणून. तुमी येजो म्हणाले."

औषध झोंबत होतं. सरकी, गठाणी, जनरेटर, लांबवायला आता काहीच हाताशी नव्हतं. बाई बाटलीचं झाकण लावत तिथेच उभी होती. तिच्यादेखत मी बोललो.

"मले एकट्याले करमत नाई. ये."

तिकडे पुन्हा टकटक सुरू झाली.

"काय लिहून राह्यली?" मी विचारलं.

"तिकीट पाहून राह्यली, बाबा."

"त्याचा धूर माह्या नावावर लिहिजो," मी म्हणालो.