राम रामाचा जवाब

पाचोड सोडलं त्या दिवशी नेमका बाजार होता. म्हणजे मला स्टँडवर सोडायला यायची अब्बांना सवड नव्हती. आम्ही आतार. बाजारच्या दिवशी अब्बा गोणपाटावर हळद-कुंकू, बुक्का, काजळाच्या डब्या, सुया-दोरे मांडून बसायचे अन् भोवती बायकांचा गराडा पडायचा. फौजेत माझी निवड झाली होती. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. एका म्हातारीची कुंकवाची पुडी बांधता बांधता ते उठले. हात पायजम्याला पुसला, पण कुंकू असं पुसून निघतंय व्हय? तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला अन् म्हणले, "समोरच्याच्या आधी आपण राम राम घालायचा. अन् कुणी घातला तर जवाब उधार ठेवायचा नाय." तेवढ्यात म्हातारी ओरडली, "आतारभाऊ, माझी पुडी!" अन् अब्बा परत खाली बसले.

पाचोडात राहिलेल्या माझ्या माणसांनो, अन् माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, माझा निरोपसमारंभ एवढाच झाला. ट्रेनिंगला पोचलो तेव्हा सुभेदारसाहेबांनी माझ्या केसांतलं लाल बघून विचारलं, "पूजा करके आया है क्या?" मी म्हणलं, "नाय साब, बाप कुंकू विकतो." नाव विचारलं. रशीद आतार म्हणल्यावर साहेब असे हसले की दोन-चार उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, बोलावून त्यांनी मला पुन्हा नाव सांगायला लावलं. तिथून पुढं पलटणीत माझं नाव कुंकूवाला पडलं, अन् पेन्शनीपर्यंत तेच राहिलं.

घरात आम्ही दखनी बोलायचो, बाहेर मराठी. मशिदीत सलाम, बाजारात राम राम. कोणता कुठं, हे कुणी शिकवलं नव्हतं, कुणाच्या दारात चप्पल कुठं काढायची हे जसं आपोआप कळतं तसं ते कळलं होतं. फौजेत गेलो तर तिथंही सकाळ उजाडली की राम राम साब. शहरातली पोरं सुरुवातीला अडखळायची, मला मात्र वाटलं, अरे, इथं तर पाचोडच आहे. अम्मीला मी फोनवर तसंच सांगितलं होतं. ती म्हणली, "फिर रोता काय को है?" तिला कसं कळलं कोण जाणे, मी तर आवाज लई सांभाळला होता.

पहाऱ्यावर असलं की अंधारात पाय वाजला तरी आम्ही ओरडायचो, "थम! कौन आता है?" समोरून आवाज यायचा, "दोस्त." हे मी आयुष्यात इतक्या वेळा विचारलंय की झोपेत विचारायचो अन् मेहरून, माझी बायको, उशीवरून म्हणायची, "मैं हूँ जी, झोपा आता." ती गेली. आता झोपेत विचारलं तर जवाब द्यायला कुणी नाय.

पेन्शन झाल्यावर पाचोडला परतायचं असं मी धरून चाललो होतो. पण तोवर अब्बा-अम्मी राहिले नव्हते, पोरीचं कॉलेज शहरात होतं, म्हणून पुंडलिकनगरला घर घेतलं. आतार हे नाव ऐकून दोन-तीन घरांचे मालक गावाला गेले, असं आम्हाला सांगण्यात आलं. शेवटी एकानं फौजी म्हणून दिलं. सामान उतरवत होतो तर समोरच्या फाटकातून एक उघडाबंब माणूस बाहेर आला, खांद्यावर टॉवेल. मी म्हणलं, "राम राम." तो म्हणला, "राम राम! कोणतं गाव?" पाचोड म्हणताच, "आरं, मंग आपलेच की! आमची जमीन तिकडंच हाय," अन् माझ्या फ्रिजचं एक टोक धरलं. हे जाधवसर. बँकेतून निवृत्त झालेले. तेव्हापासून सकाळी फाटकात मी राम राम घालायचो अन् तिकडून यायचं, "राम राम फौजी!" मेहरून गेल्यावर तर रोज संध्याकाळी त्यांच्याकडं चहा अन् बातम्या, असा माझा नेमच झाला. वहिनी माझ्या कपात साखर कमी घालायच्या, न सांगता.

मागच्या वर्षी परदेशातल्या एका छावणीत एका सैनिकानं आपल्याच सोबत्यांवर गोळ्या झाडल्या. जेवायच्या वेळेला, निःशस्त्र पोरांवर. नाव मुसलमानाचं होतं. मी जाधवसरांच्या हॉलमध्ये कप हातात धरून बघत होतो. फौजेत जिथं जेवण होतं त्याला आम्ही लंगर म्हणतो. तिथं आपल्या शेजारी ताट घेऊन बसलेल्याला मारायचं? अरे हरामखोरा, त्याच्याच ताटातली भाजी तू कधीतरी घेतली असशील! मला त्या मेलेल्या पोरांसाठी ढसाढसा रडावंसं वाटत होतं. पण टीव्हीवर चार चौकोनांत चार डोकी आली अन् वाद सुरू झाला, यांना फौजेत घ्यावं का, घेतलं तर बंदूक द्यावी का. ते तिकडचं राहिलं तिकडं, थोड्या वेळात गाडी आपल्याकडं आली. जाधवसर रिमोट शोधायला लागले. रिमोट सापडेना. सोफ्यावर त्यांचे मेव्हणे बसले होते, पाहुणे आलेले. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुमच्या लोकांत याच्यावर काय म्हणतात हो?"

माझे लोक! मला वाटलं सांगावं, माझ्या लोकांत तोफ ओढताना पाय चेंगरलेला बलबीर आहे, माझ्या मांडीवर जीव सोडलेला थॉमस आहे, ते काय म्हणतात ते मला तरी कुठं ऐकू येतंय? पण दुखवट्याला आलेल्या माणसाला जबानीला उभं करावं, तसं माझं झालं. "काय म्हणणार," एवढंच बोललो अन् कप अर्धा ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात मी नेहमीसारखा म्हणलो, "राम राम, सर." जाधवसर झाडाला पाणी घालत होते. त्यांनी पाइप खाली ठेवला, हात कपाळाला नेला अन् म्हणले, "वालेकुम सलाम."

हसू नका, पण मला आधी हसूच आलं. अहो, वालेकुम सलाम हा जवाब असतो! आधी कुणीतरी सलाम करावा लागतो. मी सलाम केलाच नव्हता अन् जवाब आला होता. मी घातला होता तो राम राम तसाच रस्त्यात पडून राहिला. घरात येऊन पंख्याखाली बसलो तेव्हा हसू कुठं गेलं कळलं नाय. ते प्रेमानं म्हणले होते, हे मला कळत होतं, अन् त्याचाच जास्त त्रास झाला. रागानं म्हणले असते तर भांडलो असतो. पुढं रोज तेच सुरू झालं. रोज माझा राम राम, रोज त्यांचा वालेकुम सलाम. फौजी हा शब्द तर गायबच झाला. मी चहाला जायचं बंद केलं. संध्याकाळी घरात भिंतीवरचं घड्याळ अन् मी.

कॉलेज संपवून पुण्याला गेलेल्या नसीमचा, माझ्या पोरीचा, फोन आला. "अब्बा, आता पुरे. ते घर विका. आपल्या लोकांत राहायला जा." मी म्हणलं, "आपले लोक म्हणजे कोण गं?" ती चिडली, मंग रडली. तिच्या समाधानासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या लोकांच्या मोहल्ल्यात, एक फ्लॅट बघायला गेलो. फ्लॅट चांगला आहे, असं नसीमनं सांगितलं होतं. हवा, उजेड, खाली मशीद. किल्ली घेऊन एक तरुण गृहस्थ जिन्यात उभे होते. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "राम राम." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दाढी बघितली, टोपी बघितली. अन् म्हणले, "चाचा, आप कौन?"

थम, कौन आता है. मला तिथंच जिन्यात बसावंसं वाटलं. दोस्त म्हणायचं जिभेवर आलं होतं. मी म्हणलं, "आतार," अन् फ्लॅट न बघताच उतरलो म्हणलं तरी चालेल, कारण काय बघितलं ते आठवत नाय.

रिक्षातून पुंडलिकनगरला उतरलो तर जाधवसर फाटकातच. मी काय बोलायच्या आधीच कपाळाला हात अन् वालेकुम सलाम. त्या दिवशी माझा बांध फुटला. "सर, तुम्ही माझा राम राम का घेत नाय? काय गुन्हा झाला माझ्याकडून?" ते गोंधळले. टॉवेलनं तोंड पुसत राहिले. मंग हळूच म्हणले, "फौजी, टीव्हीवर ते सगळं बघितलं. मला वाटलं, आता तुम्हाला राम राम म्हणायला जड जात असंल. आमच्या भीतीनं म्हणत असाल. म्हणून म्हणलं, आपणच तुमची सुटका करावी."

सुटका! मी त्यांना अब्बांचं सांगितलं, गोणपाट, पुडी, डोक्यावरचा हात, सगळं. फाटकात उभं राहून, भर रस्त्यात, माझ्यासारखा म्हातारा माणूस रडत होता.  वहिनी आतून म्हणल्या, "चहा टाकते," एवढंच.

घर विकलं नाय. नसीम अजून रागावलेली आहे. सकाळी मी राम राम घालतो अन् जाधवसर राम राम फौजी म्हणतात. अगदी बरोबर म्हणतात. पण म्हणायच्या आधी किंचित थांबतात, माझ्या तोंडाकडं बघतात, चुकलो तर नाय ना, अशा नजरेनं. अन् मीही थांबतो, आज काय येतंय ते ऐकायला.

पाचोडच्या बाजारात अब्बांसारखा राम राम घालून मी पुढं निघून जायचो. जवाब माझ्या पाठीवर यायचा, तो ऐकायला मी कधी वळलोसुद्धा नाय. तुम्ही विचारता ना, रशीद, आता घर कुठं आहे? जिथं जवाबासाठी थांबावं लागत नव्हतं, ते घर होतं. आता मी रोज सकाळी फाटकाला हात लावून थांबतो.