रांधणारा जेवला का?

पनवेलपासून उरणपर्यंतच्या टापूत एके काळी लग्नाच्या पंगती तास-दीड तास उशिरा बसत. त्याला मुहूर्त, वऱ्हाड, भटजी किंवा खाडीची भरती-ओहोटी यांतलं काहीही कारण नसे. कारण एकच असे, माझ्या ताईचे सासरे. ताई त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. मामांची जासईच्या बाजूला मिठागरं होती, घर पनवेलला होतं आणि पायाचे तळवे मिठाच्या पाण्यानं असे कमावले होते, की वहाणा ते हातात धरून चालत. मांडवात शिरले की मामा यजमानांना रामराम करायला थांबत नसत. मागच्या बाजूला जिथं चुली पेटलेल्या असत तिथं थेट जात, मुख्य स्वयंपाक्यासमोर उभे राहत, त्याचं तोंड नीट न्याहाळत, गाव विचारत आणि मग त्यांचा तो प्रश्न येई, "जेवलास का रं बाबा?" आता तीनशे पानांचा स्वयंपाक उतरवायच्या घाईत असलेला माणूस जेवलेला कुठून असणार? तो नाही म्हणाला की मामा स्वतः पत्रावळ घेऊन त्याला भात वाढत आणि तो जेवेपर्यंत शेजारच्या पोत्यावर बसून राहत. तोवर मामा पंगतीत नाहीत, आणि मामा पंगतीत नाहीत म्हणून त्यांच्या मानाची माणसंही बसत नाहीत. "रांदनाऱ्याचा तोंड बगल्याबिगर, आनि त्याच्या पोटात चार शितां परल्याबिगर आपन घास घेत नाय," एवढंच त्यांचं म्हणणं असे. शिरढोणच्या एका लग्नात स्वयंपाक्याचा नेमका शनिवारचा उपास निघाला. मामांनी दोन माणसं पिटाळून केळी आणि शेंगदाणे आणवले, त्यानं ते खाल्ले, आणि मगच नवऱ्यामुलाच्या बापाला पंगत बसवता आली. त्या गृहस्थांनी पुढं धाकट्या मुलाच्या लग्नात स्वयंपाक्याला सकाळीच जेवू घातलं होतं म्हणतात.

परक्या घरीही तेच. एकदा मिठाच्या कामासाठी एका साहेबाच्या बंगल्यावर गेले असताना चहा येतो आहे असं कळल्यावर मामा उठले आणि माजघर ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेले. बाईसाहेब किंचाळल्या, साहेब धावत आले, आणि मामा शांतपणे त्या बाईंना विचारत होते की तुमचा चहा झाला का. काम झालं नाही, पण बाईंनी चहा घेतला, असं मामा मोठ्या समाधानानं सांगत.

खरी पंचाईत झाली ती आमच्या ताईची. नवी नवरी, पहिल्यांदाच सासरी स्वयंपाक केलेला, आणि सासरे पाटावर बसून हात जोडतात की आधी सुनेनं जेवावं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्याच्या आधी सून जेवली हे बाहेर कळलं तर आळीतल्या बायका काय म्हणतील, असा त्यांचा सवाल होता. ताई चुलीपाशी उभी राहून रडली. शेवटी तोडगा निघाला. ताईनं दाराआड एक घास खायचा आणि खोकायचं. खोकला ऐकू आला की मामा जेवायला सुरुवात करीत. मी त्या घरी राहायला गेलो तेव्हा पहिले काही दिवस मला ताईच्या प्रकृतीची फार काळजी वाटली होती.

मी ओवे गावचा. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर पनवेलला राहायला हवं, आणि पनवेलला आमचं एकच घर, तेही लेकीचं सासर. लेकीच्या सासरी मुलाला जेवायला ठेवायचं हे माझ्या वडिलांना पटेना. तेव्हा मामा बैलगाडी घेऊन स्वतः ओव्याला आले, माझी ट्रंक गाडीत ठेवली आणि वडिलांचं बोलणं संपायच्या आत गाडी वळवली. मॅट्रिकपर्यंत मी त्या घरी राहिलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी सही करणारं कोणी नव्हतं. मी मुंबईला जाऊन बी. ए. झालो. हे ज्यांच्यामुळं झालं त्यांना माझ्या कमाईचं एक जेवण घालायचं, एवढं मी नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

ते जेवण काही केल्या जमेना. मामा मिठाच्या कामासाठी मुंबईला येत, मी त्यांना हॉटेलात नेई, आणि प्रत्येक हॉटेलात भटारखाना मागं, दाराआड असे. एका उडप्याकडं मामा गल्ल्यामागून आत शिरले तेव्हा मालकाला ते तपासणीचे अधिकारी वाटले. त्यानं त्यांना खुर्ची दिली आणि एक पातेलं घाईघाईनं झाकलं. मामा त्यानंतर तिथं पाणीही प्यायले नाहीत. इराण्याकडं आत जायची बंदी होती. एका खानावळीत स्वयंपाकी म्हणाला की जेवलोय, पण मामांना त्याच्या तोंडावरून ते खोटं वाटलं. दर वेळी शेवट एकच होई. आम्ही मैदानातल्या बाकावर बसत असू, मामा फडक्यात बांधून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट सोडत आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवत. म्हणजे मुंबईतसुद्धा तेच मला जेवू घालत होते.

आमच्या कंपनीनं तेव्हा जपानहून यंत्रं मागवली होती आणि ती बसवायला एक जपानी इंजिनीयर आला होता. परत जाण्याआधी तो आम्हा दोघातिघांना फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जेवायला घेऊन गेला. आठ-दहा माणसांची जपानी खानावळ. सरकतं दार, गुळगुळीत लाकडाचा एक लांबलचक फळा, त्याच्या अलीकडं आपण बसायचं आणि पलीकडं, हातभर अंतरावर, स्वयंपाकी उभा. जे काही करायचं ते तो तुमच्यासमोर करतो. काय खाल्लं ते मला आठवत नाही. मी त्या माणसाचं तोंड बघत होतो आणि मनात म्हणत होतो, मामा इथं जेवतील.

पुढं मामा डोळे दाखवायला मुंबईला आले तेव्हा मी त्यांना तिथं नेलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. मामांनी वहाणा हातात घेतल्याच होत्या, त्या दाराशी ठेवल्या. स्वयंपाक्याच्या बायकोनं वाफाळलेले छोटे पंचे दिले. हात पुसावेत की तोंड या विचारात मी असतानाच मामांनी आपला पंचा पिळला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला. मामांनी स्वयंपाक्याकडं पाहिलं. टक्कल पडलेला, मामांच्याच वयाचा, पांढरा सदरा घातलेला माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला, मामांनी हात जोडले. मला भरून आलं. मग त्यानं भाताच्या बोटभर मुटक्यावर कच्च्या माशाची पातळ कापटी ठेवली आणि ती मामांसमोर सरकवली.

"त्याला इचार," मामा मला म्हणाले, "जेवलास का."

हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. तोंड दिसण्याची सोय मी केली होती. प्रश्नाची केली नव्हती. माझं इंग्रजी कॉलेजात वाचलेलं, बोललेलं नव्हे. त्या बाईंचं इंग्रजी माझ्याहून थोडकं. दोघांनी मिळून तो प्रश्न स्वयंपाक्यापर्यंत पोहोचवला आणि उत्तर परत आणलं. ते चार वाजता जेवतात, दुकान बंद केल्यावर.

"मंग आपन चार वाजेपोत बसू," मामा म्हणाले आणि त्यांनी मांडीवर हात ठेवले.

स्वयंपाक्यानं पाच मिनिटं वाट पाहिली, तो मुटका उचलला आणि दुसऱ्या माशाचा ठेवला. मामांनी त्याला नमस्कार केला आणि हात लावला नाही. तिसरा आला. त्याचा मासा गुलाबी होता. मामांनी वाकून पाहिला, मान डोलावली, पुन्हा हात मांडीवर. स्वयंपाक्याच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, या म्हाताऱ्याला मासा पसंत पडत नाही. तो पेटी उघडून आणखी चांगला मासा काढू लागला आणि प्रत्येक वेळी माफी मागितल्यासारखा वाकू लागला. तो वाकला की मामाही वाकत. शेजारी बसलेले एक पारशी गृहस्थ खायचे थांबले होते. मी मधल्या मधे माझ्यासमोरचे दोन मुटके गिळले आणि चोरी केल्यासारखं वाटून थांबलो. त्या बाईंना मी पुन्हा समजावू लागलो, की आमचे हे वडीलधारे आहेत, यांची ही पद्धत आहे, राग नाही, मासा उत्तम आहे. माझं बोलणं मलाच कळेनासं झालं होतं. उठावं, मामांना घेऊन मैदानात जावं, असं मी ठरवत होतो.

तेवढ्यात मामांनी चौथा मुटका उचलला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्यांनी तो हात पुढं करून फळ्यावरून पलीकडं, स्वयंपाक्याच्या तोंडासमोर धरला.

स्वयंपाकी त्या हाताकडं बघत राहिला. मग त्याच्या बायकोनं तोंडावर हात धरला आणि हलकेच दोन शब्द बोलली. त्यानं सुरी पुसली, बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी तो मुटका घेतला आणि आमच्याकडं पाठ करून खाल्ला. वळला तेव्हा त्याचे डोळे ओले होते की हसत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मामा मात्र त्यानंतर जे जेवले, ते मी कुठल्या पंगतीतही पाहिलं नव्हतं. हातानंच खात होते, आणि जपानात तसंच खातात असं नंतर कळलं. समोर येईल ते संपत होतं. शेवटी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मासली ताजी हाय. पर ह्यो रांदाला इसरला."

पनवेलच्या एस.टी.त त्यांना बसवून मी खिडकीशी उभा राहिलो. इतक्या वर्षांचं मनातलं एक काम झालं म्हणून मी खूष होतो. मामा मात्र विचारात होते. तू मला एवढ्या हौसेनं का जेवायला घातलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्ही मला मॅट्रिकपर्यंत जेवू घातलंत म्हणून. ते माझ्याकडं असे बघू लागले, जणू मी कोणा दुसऱ्याच माणसाबद्दल बोलतो आहे.

"मी? मी कवा भात शिजवला रं? मना त चूल पन पेटवाला येत नाय. तुना जेवाला घातला तुज्या बहिनीनी. तिला आनलास का कदी हितं?"

तेवढ्यात गाडी सुटली.

त्याच वर्षी थंडीत मामा गेले. त्यानंतर केव्हातरी ताई भाच्याच्या शाळेच्या कामासाठी मुंबईला आली तेव्हा मी तिला फोर्टात घेऊन गेलो, तर पहिल्या मजल्यावर शिंप्याचं दुकान लागलं होतं. शेजारच्या एका साध्या हॉटेलात आम्ही बसलो. ताई हॉटेलात पहिल्यांदाच बसत होती; पदर सावरून खुर्चीच्या कडेवर टेकली होती. मी तिला म्हणालो, तुला जे सगळ्यात आवडतं ते माग. तिनं बराच वेळ विचार केला. मग एकेक नाव सांगू लागली, आणि ते सगळे माझ्या आवडीचे पदार्थ होते. तसं नाही, तुझ्या आवडीचं सांग, असं मी म्हणालो तेव्हा ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. तिला काय आवडतं ते मलाही सांगता येईना. मामांना ते नक्की ठाऊक असणार, असं मला वाटलं, पण आता विचारायचं कुणाला?