मास्तरांच्या गच्चीवरचा खांब

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. खाली दुकान, वर घर आणि त्याच्यावर गच्ची असा त्यांचा संसार. त्यातली गच्ची बायकोला मुळीच मान्य नव्हती. तिथे मास्तरांनी एक लोखंडी खांब उभा केला होता. टोकाला अँटेना, तिची केबल खिडकीतून आत, आणि आत टेबलावर रेडिओचा सेट. या सेटवरून बोलण्याचा रीतसर परवाना मास्तरांनी पन्नाशीत परीक्षा देऊन मिळवला होता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड देऊन दमलेला हा माणूस संध्याकाळ झाली की कानांवर हेडफोन चढवून दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारत बसे. गप्पा तरी कसल्या? माझा आवाज कसा येतोय, तुमचा छान येतोय. बायको म्हणायची, "घरात माझा आवाज नीट येतो का, हे विचारलंत का कधी?"

विजेची तिला पहिल्यापासून धास्ती. लहानपणी शेजारच्या झाडावर वीज पडलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून आभाळ गडगडलं की ती आतल्या खोलीत कपाटाच्या आडोशाला, खिडकीकडे पाठ करून बसायची. आणि आता नवऱ्याने घराच्या डोक्यावरच ही काठी रोवलेली! शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, "ढग यायच्या आत या खांबाचं काय ते नीट करा. माझा भाऊ बघून हो म्हणाला तर राहील. नाहीतर मी भंगारवाल्याला हाक मारते."

तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. खांब गेला की संध्याकाळ गेली, आणि संध्याकाळ गेली की उरलं काय, तर लोकांच्या पॅन्टी आखूड करणं.

तसं काम सोपं होतं. खांबाच्या बुडाला क्लॅम्प, क्लॅम्पमधून जाड तांब्याची तार भिंतीवरून खाली, आणि खाली जमिनीत ठोकलेली लांब सळई. वीज पडलीच तर घरात न शिरता तारेवरून मुकाट जमिनीत जावी, एवढाच हेतू. पण मास्तर तार सरळ सोडतील तर ते मास्तर कसले! छज्ज्याला वळसा, खिडकीच्या चौकटीला समांतर, कोपऱ्याकोपऱ्यावर कडक इस्त्री केल्यासारखा काटकोन. शिवाय सळईच्या जरा वर उरलेल्या तारेचं गोल वेटोळं, सुतळीने बांधून खिळ्याला अडकवलेलं. कापड असो की तार, माया सोडल्याशिवाय मास्तरांची कात्री चालत नसे. माणूस जाड होतो, मुलं उंच होतात. उद्या खांबच उंच करावासा वाटला तर?

मेहुणा वायरमन होता. तो आला, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला. बहीण पायरीवर येऊन उभी राहिली.

"दाजी, ही तार एवढी नटवलीय कुणासाठी?"

"फिनिशिंग बघ," मास्तर खुशीत म्हणाले.

"फिनिशच आहे, सगळ्या घराचं! विजेला असले काटकोन चालत नाहीत. अशा वळणावर ती तार सोडून भिंतीत उडी मारते. तिला जवळची, सरळ वाट लागते. आणि हे वेटोळं कशाला?"

"माया ठेवलीय थोडी. पुढेमागे लागली तर."

"वीज जाड होत नाही, दाजी." मेहुण्याने कपाळाला हात लावला. "बरं, ही सळई घराच्या मूळ अर्थिंगला जोडलीय का? नाही? म्हणजे एका घरात दोन चुली. यांचं भांडण पेटलं की मध्ये मरतो तुमचा सेट. आणि सेटपुढे बसलेला माणूस."

मास्तरांनी चोरून पायरीकडे पाहिलं. बायको भंगारवाल्याचं नाव काढेल अशी त्यांची खात्री होती, पण ती भावासाठी चहा टाकायला आत गेली. ते त्यांना जास्त झोंबलं.

मग दोघांनी सगळी तार उपटली आणि खांबापासून सळईपर्यंत सरळ ओढली. वळण आलंच तिथे ते ऐसपैस दिलं. सळई घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडली, केबल आत शिरते तिथे विजेचा झटका अडवणारी एक डबी बसवली. वेटोळं कापताना मास्तरांनी तोंड फिरवलं. जाताना मेहुणा म्हणाला, "ताई, आता माझा हो. पण गडगडायला लागलं की सेट बंद, केबल उपटून खिडकीबाहेर. अर्थिंग घर वाचवतं. हट्टी माणसाला नाही वाचवत."

"हो रे, हो," मास्तर म्हणाले. ते कधीचे वर जायला निघाले होते.

चारच दिवसांनी संध्याकाळी आभाळ भरून आलं. मास्तर सेटवर होते. पलीकडे कप्तान, म्हणजे जन्मभर बोटीवर रेडिओ सांभाळलेला एक म्हातारा, आणि विषय अर्थातच मास्तरांची नवी तार. दूरवर गडगडलं.

"अहो, उठा," कपाटाच्या आडून आवाज आला.

"अगं, तुझ्याच भावाने हो म्हटलंय!"

पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. मास्तर कप्तानाला क्लॅम्पची जाडी सांगत होते. तेवढ्यात बायको स्टूल ओढत आली, त्यांच्याशेजारी बसली, आणि तिने सेटवर हात ठेवला.

"तू कशाला आलीस इथे?"

"तार भरवशाची आहे ना? मग मीही इथेच बसते." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "विजेची भीती वाटते मला. पण ती कडाडते आणि तुम्ही उठत नाही, त्याची जास्त वाटते."

मास्तरांनी मनातल्या मनात सगळी तार वरपासून खालपर्यंत तपासली. क्लॅम्प घट्ट होता, जोड पक्के होते. स्वतःसाठी त्यांनी त्या तारेवर डोळे मिटून विसंबायची तयारी केली होती. पण सेटवरच्या त्या हातासाठी एकही जोड त्यांना पुरेसा पक्का वाटेना.

त्यांनी केबल अशी उपटली की टेबल हललं. टोक खिडकीबाहेर भिरकावलं, खिडकी लावली, प्लग काढला, आणि बायकोला दंडाला धरून थेट कपाटाआड नेलं. हेडफोन अजून कानांवरच होते.

"अहो, तो म्हातारा बोलत होता की," ती म्हणाली. "निरोप तरी घ्यायचा माणसाचा."

"तुझा हात होता तिथे," मास्तर म्हणाले.