पुंडलिकराव सांगतील तिथं जेवायचं

दिग्रसमध्ये आपल्या गल्लीतलं कुणीही गावाला निघालं, की बॅग भरायच्या आधी पुंडलिकरावांना विचारून यायचं. प्रश्न एकच.

"काका, उमरखेडले जाऊन राह्यलो. जेवाव कुठी?"

पुंडलिकराव लगेच उत्तर देत नसत. आधी चौकशी. येष्टीनं जाता की घरच्या गाडीनं? बायकापोरं आहेत का संगं? आणि तिसरा प्रश्न थोडी कीव करत, "तिखट झेपते न?" मग डोळे मिटून गप्प बसत. शेजारच्या विमलताई म्हणायच्या, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर नाडी धरून एवढा वेळ घेत नाही, जेवढा हा माणूस हॉटेल सांगायला घेतो. मग डोळे उघडत आणि निकाल लागे. "स्टँडच्या समोरचं पह्यलं हॉटेल सोडायचं. दुसरंबी सोडायचं. तिसऱ्यात डाळभाजी घ्यायची, पोई नाई घ्यायची, भाकर मांगायची. माहं नाव सांगजो."

ते साडूच्या राखेला वर्ध्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. सगळे रडून रडून थकलेले. नदीवरून परत फिरताना साडूच्या थोरल्या पोरानं नाक पुसत विचारलं, आता पुढं काय करायचं मावसाजी. त्याला म्हणायचं होतं तेराव्याचं. पुंडलिकराव म्हणाले, "देवळीच्या अलीकडं पोहे खाऊन घेऊ. तर्री वरतून मांगायची." आणि सांगायला लाज वाटते, पण पोहे खरंच चांगले निघाले होते.

बत्तीस वर्षं कंडक्टरकी. त्यातली चौदा दिग्रस–नागपूर गाडीवर. माणूस एवढा फिरलेला, तरी तंबाखू नाही, पत्ते नाहीत, नादच नव्हता दुसरा. खाणं आणि खाणं सांगणं. त्यातही एक टेक होती. गाडी ज्या हॉटेलवर थांबते तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं, हे जगजाहीर आहे. पुंडलिकराव मात्र थाळीचे पैसे मोजून द्यायचे. ड्रायव्हर उकंडा त्यांच्यावर हसायचा. "तुम्ही काहून देता पैसे? मालक स्वतः नको म्हणून राह्यला." पुंडलिकराव म्हणायचे, "फुकट खाल्लं तं चांगलंच म्हणा लागते. मले खरं सांगता आलं पाह्यजे लोकायले."

अशी ती जीभ. पैसे देऊन स्वच्छ ठेवलेली.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. खाकी शर्ट ट्रंकेत गेला. शेत भावाकडे, पोरगी सासरी, घरात ते आणि बायको इंदूबाई, दोघंच. सकाळी दूध आणायचं, दुपारी झोपायचं आणि मधल्या वेळात फोनकडे पाहायचं. तो फोन वाजला, की हा माणूस ओट्यावर ताठ बसे. इंदूबाई आतून म्हणायच्या, "आलं पाहा गिऱ्हाईक." त्यांना कौतुक होतं की वैताग, ते गल्लीला कधी कळलं नाही. इंदूबाईंनी स्वतः कुठल्या हॉटेलात जेवण केलेलं नव्हतं. वेळच आली नव्हती. नवरा ड्यूटीवर बाहेर जेवायचा, सुटीच्या दिवशी म्हणायचा, बाहेरचं खाऊन कंटाळलो, घरी कर काहीतरी. अडतीस वर्षांत एकदा बाजाराच्या दिवशी आलूबोंडा खाल्ला होता, तोसुद्धा उभ्यानं.

तर या जिभेला पहिला धक्का दिला रवीनं. रवी म्हणजे विमलताईंचा थोरला, बियाण्याच्या कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. पुंडलिकरावांनी त्याला पाठवलं होतं बाबूसिंगच्या हॉटेलात. कळंबच्या पुढं नागपूर रस्त्यावर, जिथं चौदा वर्षं त्यांची गाडी वीस मिनिटं थांबायची. बाबूसिंगची पातोडी, म्हणजे झणझणीत रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या, हा पुंडलिकरावांचा हुकमाचा एक्का. जो येईल त्याला तीच सांगायची.

रवी परत आला आणि ओट्यासमोर गाडीवरून न उतरताच म्हणाला, "काका, रस्सा म्हणून पाणी दिलं न त्यानं. पातोडी शोधा लागली चमच्यानं."

"माहं नाव सांगतलं?"

"सांगतलं न. वाढणारा म्हणे, कोण पुंडलिकराव?"

गल्ली हसली. हसणारच. विमलताईंनी तर आतून ओरडून भर घातली, "अरे, ते येष्टीत होते तवाच्या चवी सांगतात. येष्टीसारख्याच त्याबी बंद पडल्या असतील." रवी म्हणाला, पुढच्या वेळी फोनवरच पाहतो, तारे देतात लोक.

पुंडलिकरावांनी दुपारचं जेवण अर्धं सोडलं. "पोट्ट्याले जीभच नाई," असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला गेले आणि थांबले. कारण आठवायला लागलं. गेल्या वर्षी बँकेतल्या साहेबांना तिथंच पाठवलं होतं, त्यांनी नंतर विषय काढला नाही. पूनमसिंग मास्तर सहकुटुंब गेले होते, ते भेटले तेव्हा हवापाण्याचं बोलले. त्याच्याही आधी कितीतरी. लोक जाऊन यायचे, आणि जेवणाबद्दल काही म्हणायचे नाहीत. पुंडलिकरावांना वाटायचं, चांगलं जेवलेला माणूस काय सांगणार.

रात्रभर हे डोक्यात घोळलं असावं, कारण सकाळी चहा घेताना ते इंदूबाईंना म्हणाले, "तयार हो. बाबूसिंगकडे जाऊ जेवाले."

इंदूबाईंच्या हातातली बशी तिथंच राहिली. "कोण, मी?"

"मंग काय रवीच्या मायले नेऊ? साक्षीले कोणी पाह्यजे का नाई संगं?"

इंदूबाईंनी लग्नात आलेलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, मग ते फार वाटलं म्हणून साधं नेसल्या, मग पुन्हा हिरवं. स्टँडवर पुंडलिकरावांनी पास खिशातच ठेवला. आज प्रवासी म्हणून जायचं होतं. स्वतःच्या गाडीचं तिकीट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काढलं, त्यांचं पूर्ण आणि इंदूबाईंचं अर्धं. कंडक्टर नवी पोरगी होती. तिनं त्यांना ओळखलं नाही आणि सुटे मागितले.

साडेअकराला गाडी बाबूसिंगकडे थांबली. "वीस मिनिटं," कंडक्टर पोरगी म्हणाली आणि ड्रायव्हरसोबत पडद्याआड आतल्या खोलीत गेली. पुंडलिकरावांचे पाय सवयीनं त्या पडद्याकडे वळले. दोन पावलं गेले, मग परत आले आणि इंदूबाईंना घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसले. चौदा वर्षं या हॉटेलात जेवले, पण या बाकड्यावर पहिल्यांदा बसत होते. टेबल चिकट होतं. इंदूबाईंनी पदरानं पुसून घेतलं.

थाळ्या आल्या. दोन पोळ्या, भात, वाटीत पातोडीचा रस्सा. पुंडलिकरावांनी घास घेतला. रस्सा पिवळसर, मीठ आणि हळद यांच्या पलीकडे काही नाही. पातोडी एकच होती आणि तीही वाटीच्या तळाशी लपलेली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या वाटीत तेच, आणि सगळे खाली मान घालून घाईघाईनं जेवत होते, गाडी सुटेल म्हणून.

"आचारी बदलला वाटते," ते इंदूबाईंना म्हणाले. त्यात थोडं समाधानही होतं. आचारी बदलला तर जुनं सांगणं खरं ठरत होतं.

तेवढ्यात गल्ल्यावरून बाबूसिंगनं पाहिलं. तो धावतच आला. केस पांढरे झालेले, पोट तेवढंच. "अरे साहेब, बाहेर काहून बसले? आन् याडीले बी आनलं?" याडी म्हणजे त्याच्या बोलीत आई. इंदूबाईंच्या पाया पडून त्यानं आत आवाज दिला, "आतली थाळी लाव रे दोन."

"राहू दे, ही आहे न," पुंडलिकराव म्हणाले.

"ही नोका खाऊ." बाबूसिंगनं समोरची वाटी बाजूला सारली, जशी माशी झटकावी.

आतली थाळी आली. लाल तर्री, काठोकाठ. चार पातोड्या, ताजा ठेचा, गरम भाकर. पुंडलिकरावांनी बोट बुडवून चाटलं. तीच चव. चौदा वर्षांची, लोकांना सांगितलेली, डोळे मिटून आठवलेली. हात थाळीवरच राहिला.

"बाबूसिंग, आचारी नवा हाये?"

"नाई साहेब, आपला जुनाच. तुमच्या काळातला."

"मंग हे दोन कसे?"

"दोन गंज असतात न, दोन भांडे रश्श्याचे." बाबूसिंग इतक्या सरळपणे म्हणाला, की त्यात लपवायचं काही आहे हे त्याच्या मनातही नव्हतं. "गाडीवाल्यायचं, डायवर-कंडक्टरचं, लहान गंज वेगळं लावतो. तुम्ही गाडी थांबोता तं आमचं चालते. येका येळी साठ माणसं उतरतात, वीस मिनिटात जेवा लागते, त्यायले कोठून तर्री देऊ?"

"कवापासून लावता वेगळं?"

"पह्यल्या दिवसापासून. सगळीकडंच लावतात साहेब, आर्णीपासून तं नागपूरपर्यंत." मग त्यानं पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "तुमाले मालूम नव्हतं? उकंडाभाऊले तं मालूम होतं."

पैसे देऊन खाल्लेलं जेवण आपलं सगळ्यांसारखंच आहे, एवढं धरून पुंडलिकराव बत्तीस वर्षं चालले होते. पडद्याबाहेर काय वाढतात हे पाहायची गरजच पडली नव्हती. वेळेवर तिकिटांचा हिशोब करायचा, आत जाऊन जेवायचं, शिटी मारायची. आणि मग संध्याकाळी गल्लीत येऊन सांगायचं, कुठं जेवावं. पुसद, वाशीम, पांढरकवडा, जिथं जिथं नाव घेतलं तिथं तिथं पडदा होता.

त्यांनी इंदूबाईंकडे वळून पाहिलं. आता एकच माणूस उरलं होतं खरं सांगायला. इंदूबाईंची बाहेरची थाळी पुसून स्वच्छ झाली होती आणि आतल्या थाळीचीही अर्धी भाकर संपली होती.

"कशी होती ती?" त्यांनी विचारलं.

"चांगली होती."

"आन् ही?"

"ही बी चांगली हाये."

"इंदू, नीट सांग. त्या रश्श्यात पाणी होतं. ह्याच्यात तर्री हाये. फरक नाई लागला तुले?"

इंदूबाईंनी घास गिळला. विचार केला, कारण नवऱ्यानं पहिल्यांदाच त्यांना चवीचं विचारलं होतं. "मले काय मालूम, बाप्पा. समोर आयतं आलं. मी नाई रांधलं, मी नाई वाढलं. मले दोन्ही चांगलेच लागले."

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. लोक हात पुसत पळाले. या दोघांना पुढं जायचंच नव्हतं, परतीच्या गाडीची वाट पाहायची होती. बाबूसिंगनं पैसे घेतले नाहीत. पुंडलिकरावांनी दिलेही नाहीत. आग्रहच केला नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

परतीच्या गाडीत इंदूबाई खिडकीशी बसून बोलत होत्या, ठेचा कसा होता, बाबूसिंगची बायको दिसली नाही, बाकडं पुसायला कापड ठेवायला पाहिजे होतं. दारव्ह्यापर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, की आपण एकट्याच बोलून राह्यलो.

महिन्याभरानं विमलताईंना नागपूरला डोळ्याच्या दवाखान्यात जायचं होतं. त्या ओट्यावर आल्या. थट्टा एकीकडे, सवय एकीकडे. "भाऊजी, चार दिवस राह्याचं हाये. जेवाले कुठी जाव?"

पुंडलिकरावांनी डोळे मिटले नाहीत. "मले मालूम नाई, वयनी."

"असं काहून म्हणता? रवीचं मनावर घेतलं काय? पोट्टा येडा हाये."

"नाई. मी जे खाल्लं ते तुमाले नाई भेटत. कोणालेच नाई भेटलं. मी उगाच सांगत राह्यलो."

विमलताईंना यातलं काही समजलं नाही. त्यांना वाटलं, माणूस रुसला. गल्लीतही तेच झालं, बुढा रुसला, भाव खाते आता. रवीनं फोनवर चार तारेवाली खानावळ शोधून दिली. चार दिवसांनी विमलताई हिरवा चष्मा घालून परतल्या आणि घरात पाय टाकायच्या आधी ओट्याशी उभं राहून सांगू लागल्या, वरण कसं आंबलेलं होतं, पोळ्या कशा कातड्यासारख्या होत्या, ताऱ्यांचं काय खरं असते.

"तुम्ही सांगतलं असतं, भाऊजी, तं बरं जेवलो असतो आमी," त्या म्हणाल्या. आणि हे त्या मनापासून म्हणाल्या. थट्टा नव्हती.

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. दोन गंजांचं, पडद्याचं, सगळं सांगायचं होतं. पण हिरव्या चष्म्याआड विमलताईंचे डोळे दिसत नव्हते, आणि तोवर त्या "दूध उतू गेलं असन" म्हणत घरात गेल्याही. त्यांचं घर चार दिवस बंद होतं. दूध कुठलं. पण माणसाला निघायला काहीतरी निमित्त लागतं.

त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही. पुंडलिकराव फोन अजून चार्ज करतात. दिवाळीच्या सुमारास एकदा वाजला. इंदूबाई आतून "आलं पाहा गिऱ्हाईक" म्हणाल्या नाहीत. पुंडलिकरावांनी उचलला, ऐकला, म्हणाले, "राँग नंबर हाये," आणि फोन पुन्हा गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडे पाहत बसले. समोरून बाबूसिंगकडे थांबणारी नागपूरची गाडी गेली. भरलेली होती.